एका सेकंदाचे तुकडे किती?

वाचकहो, या पुरवणीत इतिहास म्हटला की बहुधा शिवकाल येतो, पेशवाई येते, नाहीतर आपल्या आधी या देशात येऊन राहिलेल्या भारतीयांची हकीकत येते. आज मी ज्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे त्यात तलवारी नाहीत. तह मात्र पुष्कळ आहेत. हे तह झाले ते आकड्याआकड्यांत. आपल्या प्रत्येकाच्या घरात त्यांचे परिणाम कपाटात पडून आहेत: कॅसेटी, व्हीएचएस टेपा, सीड्या, डीव्हीड्या आणि आता संगणकातल्या फायली. त्यांतल्या आवाजांचे पुढे काय व्हायचे, हे या तहांच्या कलमांवर अवलंबून आहे. म्हणून विषय रुक्ष वाटला तरी थोडा धीर धरून वाचावा, ही विनंती.

मूळ गोष्ट सोपी आहे. आवाज म्हणजे हवेचा हेलकावा. जुन्या काळी हा हेलकावा तबकडीवरच्या खाचेत जसाच्या तसा कोरत असत. डिजिटल पद्धतीत तो कोरत नाहीत, मोजतात. सेकंदाचे हजारो समान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या क्षणी हेलकाव्याची उंची किती होती तो आकडा टिपून ठेवायचा. या प्रत्येक आकड्याला सॅम्पल म्हणतात आणि सेकंदाला किती आकडे टिपले त्याला सॅम्पलिंग रेट. आकडे किती असावेत याचे गणित नायक्विस्ट (१९२८), रशियाचे कोतेल्निकोव्ह (१९३३) आणि अमेरिकेचे शॅनन (१९४९) यांनी घालून दिले. ज्या वरच्या कंपनापर्यंतचा आवाज टिपायचा, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले की पुरे. तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते. म्हणजे चाळीस हजारांहून थोडे जास्त आकडे हवेत. शास्त्राचे काम इथे संपले. ‘थोडे जास्त’ म्हणजे किती, हा प्रश्न शास्त्राने मोकळा सोडला आणि तिथेच इतिहास सुरू झाला.

सीडीसाठी ठरला तो आकडा ४४,१००. इतका विचित्र आकडा का? १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढे आकडे साठवू शकेल असे सोयीचे यंत्र एकच होते, ते म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. म्हणून सोनीच्या यंत्रांनी आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात टीव्हीच्या चित्रात बसवले आणि व्हिडिओ टेपवर उतरवले. टीव्हीच्या प्रत्येक आडव्या ओळीत तीन आकडे बसत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत वापरता येण्याजोग्या ओळी दर फील्डला २४५ आणि सेकंदाला फील्ड ६०. तीन गुणिले २४५ गुणिले ६०, उत्तर ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ओळी २९४ आणि फील्ड ५०. तीन गुणिले २९४ गुणिले ५०, उत्तर पुन्हा ४४,१००! दोन्ही घराण्यांना चालेल असा हा एकच आकडा निघाला आणि पहिला तह झाला. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी विक्रीला आली तेव्हा टीव्हीची ती ओळींची भानगड तिच्यासोबत कायमची चिकटून आली.

न्यूझीलंड आणि भारत, आपली ही दोन्ही घरे, या बाबतीत एकाच घराण्यातली. दोन्हीकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५०. दोन्हीकडे टीव्ही ६२५ ओळींचा, सेकंदाला २५ चित्रांचा. दिल्लीला दूरदर्शन १९५९ मध्ये सुरू झाले, ऑकलंडला टीव्ही १९६० मध्ये, मुंबईला १९७२ मध्ये. रंग मात्र इथे १९७३ मध्येच आला, भारताला त्यासाठी १९८२ ची वाट पाहावी लागली. म्हणून तर नव्वदीच्या सुमारास पुण्याहून आणलेली नाटकाची व्हिडिओ कॅसेट वेलिंग्टनच्या दिवाणखान्यात सुखाने चालत असे आणि न्यू जर्सीच्या मेहुण्याने पाठवलेली बारशाची कॅसेट मात्र नुसती पडदाभर नाचत असे.

दुसरा आकडा ४८,०००. तो आला रेडिओ आणि सिनेमाकडून. युरोपातल्या नभोवाणी संस्था आवाज एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पाठवण्यासाठी ३२,००० चा दर वापरत. ४८,००० हा त्याच्या बरोबर दीडपट, त्यामुळे देवाणघेवाण सोपी. शिवाय सिनेमाची चित्रे सेकंदाला २४. ४८,००० ला २४ ने भागले की दर चित्रामागे बरोबर २,००० आकडे येतात. आपल्या टीव्हीच्या २५ चित्रांना १,९२० येतात. ४४,१०० ला २४ ने भागून पाहा: १,८३७ आणि वर अर्धा! अर्धे सॅम्पल कुठे कापणार? चित्र आणि आवाज यांची सांगड घालणाऱ्या संकलकाला असा अर्धवट हिशेब परवडत नाही. १९८४ मध्ये ध्वनितंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने व्यावसायिक कामासाठी ४८,००० ची शिफारस केली. १९८७ मध्ये आलेल्या डॅट टेपने तोच दर घेतला आणि पुढे डीव्हीडीनेही.

अशा रीतीने जगात दोन चलने सुरू झाली. संगीताच्या बाजारात ४४,१००, चित्राच्या बाजारात ४८,०००. आणि जिथे दोन चलने तिथे सराफ आलाच.

या सराफाचे काम वाटते तितके सोपे नाही. दोन्ही आकड्यांना ३०० ने भागले तर प्रमाण निघते १६० ला १४७. म्हणजे दर १६० आकडे काढून त्यांच्या जागी १४७ नवे आकडे ठेवायचे. मधले तेरा नुसते गाळून चालत नाही. समजा, सिंहगडाच्या वाटेवर कोणी समान अंतरावर १६० ठिकाणी थांबून उंची मोजली. आता त्याच वाटेवर समान अंतरावरच्या १४७ ठिकाणांच्या उंची हव्या आहेत. जुन्या आणि नव्या जागा जवळजवळ कुठेच जुळत नाहीत. मग मोजलेल्या बिंदूंवरून वाटेचा चढउतार आधी रेखायचा आणि त्या रेघेवरून नव्या जागांच्या उंची वाचायच्या. सॅम्पलिंग रेट बदलणे म्हणजे हेच. आसपासचे अनेक आकडे ठरावीक वजनाने मिसळून नवा आकडा काढायचा. या मिसळण्याच्या सूत्राला फिल्टर म्हणतात.

दर खाली आणताना आणखी एक पथ्य असते. नव्या दराला न पेलणारी उंच कंपने आधी गाळून टाकावी लागतात. सिनेमात बैलगाडीचे चाक उलटे फिरताना आपण पाहिले आहे. चित्रे अपुरी पडली की वेगवान चाक असे सोंग घेते. आवाजाचेही तसेच होते. ९६,००० च्या रेकॉर्डिंगमध्ये झांजेचे चाळीस हजार कंपनांचे टोक असले तर ते कानाला मुळीच ऐकू येत नाही. पण गाळल्यावाचून ४४,१०० वर आणले की तेच ४,१०० कंपनांचा भलताच स्वर होऊन प्रकट होते, आणि तो मात्र स्पष्ट ऐकू येतो. झांजेत तो कधी नव्हताच.

हे झाले एका वाहिनीचे. सिनेमागृहात आवाज चारी बाजूंनी येऊ लागला तेव्हा हिशेब सहापट झाला. चौफेर आवाजाची हौस जुनी आहे. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० मध्ये तो प्रयोग केला. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’च्या ७० मिलिमीटरच्या प्रतींवर सहा चुंबकीय पट्ट्या होत्या. नाणे पडल्याचा आवाज ऐकून खुर्चीखाली वाकून पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. डिजिटल सहा वाहिन्या १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीने आणल्या: समोर तीन, मागे-बाजूला दोन आणि गडगडाटासाठी एक, म्हणून नाव ५.१. त्यांचा दर ४८,०००. आकडे फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेले. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले. त्यात आवाज फिल्मवर नव्हताच, तो वेगळ्या तबकडीवर, आणि दर ४४,१००! एकच चित्रपट, शेजारशेजारची दोन थिएटरे आणि दोन वेगळी चलने.

सहा वाहिन्यांचा दर बदलताना अडचण अशी की सहाही वाहिन्या एकाच घड्याळावर, एकाच फिल्टरने, एकाच वेळी बदलल्या पाहिजेत. दिंडीत सहा टाळकरी आहेत असे समजा. पाचांचा टाळ बरोबर पडतो आणि सहाव्याचा किंचित मागे. ४८,००० च्या दरात एका आकड्याचे अंतर म्हणजे सेकंदाचा अठ्ठेचाळीस हजारावा भाग. तेवढ्यात आवाज हवेतून सात मिलिमीटर जातो. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. पण आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे माणूस दोन कानांमधल्या याहूनही लहान फरकावरून ओळखू शकतो. जुने कन्व्हर्टर दोन-दोन वाहिन्यांचे असत. असे तीन शेजारी ठेवून सहा वाहिन्या बदलल्या आणि ते तिघे वेगवेगळ्या क्षणी सुरू झाले, तर आवाजाची जागा सरकते. म्हणून पुढे कन्व्हर्टर एकमेकांना बांधून एकाच तालावर चालवायची सोय यंत्रांत आली.

दुसरी गंमत म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या फायलीत आवाजाचे आकडे उघडे नसतात, ते घडी घालून बांधलेले असतात. त्या गाठोड्याला परस्पर कन्व्हर्टरमधून काढले तर नुसता खरखराट हाती येतो. आधी गाठोडे सोडायचे, सहा वाहिन्या वेगळ्या करायच्या, दर बदलायचा, मग हवे तर पुन्हा बांधायचे. याला आडवाट नाही.

आता वळू या आपल्या वेलिंग्टनकडे. सरकारचे नॅशनल फिल्म युनिट १९४१ मध्ये इथल्याच मिरामार भागात सुरू झाले. १९७८ मध्ये ते लोअर हटला गेले, १९९० मध्ये सरकारने विकले, आणि पुढे पीटर जॅक्सन यांनी विकत घेऊन ‘पार्क रोड पोस्ट’ या नावाने पुन्हा मिरामारला आणले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांचा आवाज या संस्थेने मिसळला. पहिल्या भागातल्या मोरियाच्या प्रसंगांचे संगीत न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राने वेलिंग्टनच्या टाऊन हॉलमध्ये वाजवले. दुसऱ्या भागातल्या राक्षससेनेची गर्जना तर आपल्या जिव्हाळ्याच्या ठिकाणची आहे! फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. मध्यंतरात जॅक्सन मैदानात उतरले, मोठ्या फलकावर राक्षसभाषेतले शब्द झळकवले आणि हजारो क्रिकेटरसिकांकडून ते ओरडून घेतले. तिसऱ्या भागाच्या ध्वनिमिश्रणाला २००४ मध्ये ऑस्कर मिळाले. क्रिस्टोफर बॉइस, मायकेल सेमानिक, मायकेल हेजेस आणि हॅमंड पीक हे त्याचे मानकरी.

हा तिसरा भाग २०१ मिनिटांचा. सहा वाहिन्या, सेकंदाला ४८,००० आकडे. गुणाकार केला तर सुमारे ३४७ कोटी आकडे होतात. १ डिसेंबर २००३ रोजी वेलिंग्टनच्या एम्बसी थिएटरात जगातला त्याचा पहिला खेळ झाला, तो सेकंदाला २४ चित्रांनी. पण पुढे तोच चित्रपट याच गावातल्या घराघरांत डीव्हीडीवर आला तेव्हा तो २०१ मिनिटांचा राहिला नव्हता, सुमारे १९३ मिनिटांचा झाला होता. कात्री कोणी लावली नव्हती. आपला टीव्ही सेकंदाला २५ चित्रांचा, म्हणून सिनेमा चक्क २५ च्या वेगाने पळवायचा, अशी या घराण्याची जुनी रीत. आवाजाचे काय? ४८,००० चा आवाज त्याच प्रमाणात पळवला की तो ५०,००० चा होतो. मग त्याचा दर बदलून पुन्हा ४८,००० वर आणायचा. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि स्वर चढतो जवळजवळ पाऊण पट्टी. स्वर न चढवता वेग वाढवायचे तंत्रही आहे, पण सहा वाहिन्यांचा आपसातला मेळ न बिघडवता ते साधणे फार जिकिरीचे. म्हणजे गंमत पाहा: जो आवाज मिरामारच्या टेकडीपलीकडे मिसळला गेला, तो शेजारच्या घरात पोचेपर्यंत त्याला एकदा सराफाच्या दुकानातून जावेच लागले!

हॉलीवूडच्या संगीतात पाऊण पट्टीने फारसे कोणाचे अडत नाही. आपले मात्र अडते. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा प्रभातचा बोलपट २४ चित्रांच्या वेगाचा. व्हिडिओ टेपवर तो २५ च्या वेगाने उतरला की विष्णुपंत पागनीसांचे अभंग पाऊण पट्टी वर जातात. हार्मोनियम घेऊन साथ करायला बसावे तर ना काळी एक जुळते ना पांढरी दोन. स्वर दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेला. ज्या पिढीने ते अभंग टेपवरच ऐकले, तिच्या लेखी पागनीसांचा आवाज तोच. आता ब्लू-रे आणि इंटरनेटवरचे चित्रपट बहुतांशी २४ च्याच वेगाने येतात, त्यामुळे ही रीत बऱ्याच अंशी मागे पडली आहे. टेपांवर आणि डीव्हीड्यांवर जे उतरले ते मात्र तसेच राहिले.

आमच्या घरची एक हकीकत सांगतो. माझी आत्या मिरजेची. तिच्या ओव्या वडिलांनी तिच्याच स्वयंपाकघरात बसून कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे भावाने त्या ४८,००० च्या दराने डिजिटल करून मला पाठवल्या. मी त्या सीडीवर घालायला एका दुकानात दिल्या. दुकानदाराने दर न बदलता आकडे जसेच्या तसे सीडीवर चढवले. सीडी आपली ४४,१०० च्या चालीने ते आकडे वाचत गेली. तासाभराच्या ओव्या पाच मिनिटे अठरा सेकंदांनी लांबल्या आणि आत्याचा आवाज दीड पट्टी खाली उतरला. तिचा आवाज पातळ, खणखणीत होता. सीडीवर कोणी थकलेली, सर्दी झालेली बाई गात होती. मला ते पहिल्या ओवीलाच खटकले. पण माझ्या मुलीने आत्याला कधी पाहिले नव्हते. ती म्हणाली, “बाबा, किती शांत आवाज होता हो आत्याआजींचा!” वाचकहो, या लेखाचे सगळे सार त्या एका वाक्यात आहे. चित्र पिवळे पडले तर डोळ्याला कळते. आवाज बदलला तर तो मूळचा ज्याने ऐकलेला असतो त्यालाच कळतो, आणि ऐकलेली माणसे तर दरवर्षी कमी होत चालली आहेत.

मग मूळ आवाज कोणी ऐकलेलाच नसेल तेव्हा काय करायचे? याला एक सुरेख उपाय आहे आणि तो विजेच्या तारांतून येतो. जुन्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये पुष्कळदा मागे एक मंद गुणगुण असते. ती विजेची. भारतात आणि न्यूझीलंडमध्ये तिची कंपने सेकंदाला ५०. संगणकावर तपासता ती ५२.१ भरली, तर कोणी २४ चे २५ केले आहे. ५४.४ भरली, तर ४४,१०० चा आवाज ४८,००० म्हणून वाजतो आहे. ४५.९ भरली, तर उलटे झाले आहे. कॅसेटचा टेपरेकॉर्डर स्वतःही थोडा मागेपुढे धावतो, म्हणून उत्तर अगदी काट्यावर येईलच असे नाही. पण दीड पट्टीची चूक लपत नाही. आत्याच्या ओव्यांत गुणगुण ४६ च्या आसपास निघाली आणि आकडे योग्य दराने वाचल्याबरोबर ती ५० वर आली. आत्या पुन्हा आत्यासारखी गाऊ लागली. अमेरिकेतल्या नातलगांच्या टेपांत मात्र गुणगुण मुळातच ६० ची असते, हे ध्यानात ठेवावे.

या देशाला आवाज जपण्याची जुनी सवय आहे. १९४६ ते १९४८ या काळात इथल्या नभोवाणीची फिरती गाडी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तबकड्यांवर उतरवून घेत होती. त्या आज ‘ङा ताओंगा साऊंड अँड व्हिजन’ या राष्ट्रीय संग्रहात आहेत. अलीकडे पार्क रोडलाच ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) तयार झाला. पहिल्या महायुद्धातल्या मूकफिती सेकंदाला १० ते १८ चित्रांच्या होत्या, त्या २४ वर आणल्या; मधली चित्रे नव्याने काढावी लागली. सॅम्पलिंग रेट बदलण्याचीच ही डोळ्यांसाठीची आवृत्ती म्हणायची. आणि २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ चित्रांच्या वेगाने दाखवला गेला तेव्हा दर चित्रामागे बरोबर १,००० आकडे आले. पूर्णांक पाहून ध्वनिमिश्रकाला बरे वाटले असेल!

आता आपल्या कपाटाविषयी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा संकेत असा की जुना आवाज कमीत कमी ४८,००० ने, आणि शक्य असल्यास ९६,००० ने व २४ बिटने उतरवावा. घरगुती कामाला यातून चार पथ्ये निघतात. एक, आवाज ज्या दराने प्रथम टिपला त्याच दराची एक प्रत तशीच ठेवावी. दोन, फायलीच्या नावातच दर आणि तारीख लिहावी, कारण आकडे स्वतः आपला दर सांगत नाहीत. तीन, दर बदलायचा तर मूळ प्रतीवरून एकदाच बदलावा, बदललेल्यावरून पुन्हा नव्हे. आणि वाहिन्या अनेक असतील तर सगळ्या एकदम. चार, प्रत झाली म्हणून कॅसेट फेकू नये.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या, नाट्यप्रयोगांच्या टेपा अनेकांच्या घरी विखुरल्या आहेत. त्यांत आज हयात नसलेल्यांचे आवाज आहेत. त्यांना ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत तोवर एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून त्या ऐकाव्यात आणि “हो, हा त्यांचाच आवाज” अशी खात्री करून घ्यावी. यंत्र दर बदलून देईल, पण ही साक्ष देणे त्याला जमणार नाही.